डकोटाची तिसरी फेरी

दीपमालाताई ओव्हाळ बसून जेवल्याचं मला आठवत नाही. पिरंगुटच्या ज्या कारखान्यात आम्ही दोघं नोकरीला आहोत, तिथं बसगाड्यांचे फायबरचे भाग तयार होतात. मी स्टोअर सांभाळतो, त्या तपासणी विभागात. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे पंख्याखाली बसकण मारतात आणि ताई डबा तळहातावर घेऊन शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालतात. मधेच थांबून एखाद्या डॅशबोर्डवर नाण्यानं टकटक करतात. आत पोकळी राहिली असेल तर आवाज बदलतो. आवाज चांगला आला तर त्या पुढं सरकतात. वाईट आला की खूश होतात, करायला काहीतरी मिळालं म्हणून.

लष्करी विमानांच्या मोठाल्या प्रतिकृती बनवणं हा त्यांचा जन्माचा नाद. मोठाल्या म्हणजे काचेच्या कपाटात ठेवायच्या नव्हेत. पेट्रोलवर चालणारं इंजिन असलेल्या, रिमोटवर खरोखर उडणाऱ्या, आणि एका माणसाला एकट्यानं उचलता येणार नाहीत एवढ्या.

त्यांचं माहेर खडकीचं. वडील दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये पत्राकाम करायचे. लोहगावहून सुटलेली लढाऊ विमानं घरावरून जायची, तेव्हा बाकीची पोरं कानांवर हात ठेवायची आणि ही अंगणात धावायची. पण आवाज जिथून येतो तिथं बघितलं तर विमान नसतंच, ते कधीच पुढं गेलेलं असतं, हे त्यांना फार लहानपणी कळलं. कॉलेजात त्या एनसीसीच्या एअर विंगमध्ये गेल्या. तिथं केरळचे एक कॉर्पोरल होते, त्यांनी बाल्साचं लाकूड कापायला शिकवलं. त्या काळच्या मॉडेलला दोन लांब तारा असायच्या. तारा हातात धरून मधोमध उभं राहायचं, विमान आपल्याभोवती गोल फिरतं आणि आपणही त्याच्याबरोबर फिरायचं. बाकीच्यांना भोवळ यायची. ताईंना थांबलं की कसंतरी व्हायचं. पुढं हवाई दलासाठी अर्ज केला, तो डोळ्यांच्या तपासणीत संपला. डावा डोळा. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, एका वाक्यात, आणि लगेच रेझिनच्या डब्याबद्दल बोलायला लागल्या.

पिरंगुटजवळच्याच चांदे गावच्या अभय ओव्हाळांशी त्यांचं लग्न झालं. अभय हिंजवडीच्या कंपन्यांची बस चालवतात, शांत माणूस. मुलगी बघायला गेले तेव्हा आवड विचारली, तर ताई म्हणाल्या, विमानं. अभयना वाटलं, बघायला आवडत असतील.

घरामागं पत्र्याची शेड उभी राहिली. नॅट झालं, हरिकेन झालं, टेम्पेस्ट झालं, लायसँडर झालं. एकेक विमान वर्ष-दीड वर्ष खायचं. पण विमान उडलं, नीट उतरलं, की ताईंचा त्यातला जीव निघून जायचा. दुसऱ्याच आठवड्यात त्यातलं इंजिन काढून नव्या सांगाड्याला लागायचं. अभय म्हणायचे, एखादं तरी ठेव की. लायसँडरचा पंख सासूबाईंनी, जाईबाईंनी, कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकला, पाणी गळू नये म्हणून. ताईंनी बघितलं आणि एक वीट ठेवून तो नीट दाबून बसवला.

उडवायला जागा हैबतरावांच्या माळावर. हैबतराव फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण गाव त्यांना मेजरच म्हणतं. वय पंच्याहत्तरीच्या पुढं. माळाच्या कडेलाच त्यांचं घर. परवानगी दिली होती ती त्यांच्या मुलानं, कैलासनं. म्हातारा कधी बघायला यायचा नाही. इंजिनाचा आवाज सुरू झाला की आत जाऊन दार लावून घ्यायचा. ताईंना वाटायचं, त्यांना हा प्रकार पसंत नाही. आपण दुसऱ्याच्या माळावर, त्यातही ओव्हाळांच्या घरातलं माणूस, म्हणून त्या कधी जास्त वेळ थांबायच्या नाहीत.

दोन वर्षांपूर्वी शेडमध्ये डकोटा होतं. एका इंजिनाचं सगळं करून झालं होतं, आता दोन इंजिनांचं करायचं म्हणून हे मालवाहू विमान निवडलेलं. दोन माणसं हात पसरून शेजारी उभी राहिली तर जेवढी जागा लागेल तेवढे त्याचे पंख. त्या पावसाळ्यात गावोगाव ड्रोनची भीती पसरली. रात्री आकाशात दिवे दिसतात, चोर वरून घरं हेरून जातात, अशी बोलवा. चांद्यात कुणाचं काही गेलं नव्हतं, पण झोप सगळ्यांचीच उडाली होती. पोरं काठ्या घेऊन गस्त घालायची. आणि मग कुणीतरी म्हणालं, ओव्हाळांच्या शेडमध्ये बघा.

एका सकाळी पोलीस पाटील दादासाहेब, दहा-पंधरा माणसं आणि कैलास असे सगळे वस्तीत आले. सगळ्यात मागं हैबतराव. मतं मागणाऱ्यांबरोबरसुद्धा ते या वस्तीत कधी आले नव्हते. जाईबाई शेडच्या दारात वाल सोलत बसल्या होत्या. त्या जागच्या हलल्या नाहीत.

“बघा की,” त्या म्हणाल्या. “पर चपला काडून आत जावा. तिला धूळ चालत न्हाई.”

दहा-पंधरा माणसं चपला काढून आत गेली. ताईंनी पाटलांना कागद दाखवले, आपण फक्त दिवसाउजेडी उडवतो, नजरेच्या टप्प्यात उडवतो, हे समजावलं. एक पोरगा विमानाच्या पोटाखाली वाकून कॅमेरा शोधत होता.

“यात कॅमेरा नसतो,” ताई म्हणाल्या. “मला वरून काही बघायचं नसतं. मी खालून बघते.”

पाटलांचं समाधान झालं, माणसं पांगायला लागली. हैबतराव मात्र विमानाजवळ उकिडवे बसले होते. त्यांनी खालून पोटावर हात फिरवला. मग डाव्या बाजूला, शेपटीकडं, जिथं ताईंनी मोठ्या दाराची नुसती रेघ ओढली होती, तिथं बोट ठेवलं.

“हे उगडत न्हाई?”

“नाही, तात्या. नुसतं दाखवलंय.”

“मंग हे डकोटा न्हाई,” हैबतराव म्हणाले आणि उठून गेले.

भीती सरेपर्यंत माळावर उडवायचं नाही, असं गावानं ठरवलं. त्याचं ताईंना फार काही वाटलं नाही. पण म्हाताऱ्याचं ते वाक्य त्यांच्या डोक्यातून जाईना. कारखान्यात त्या दिवसभर हातातलं नाणं बोटांवर फिरवत राहिल्या. कुणी काही विचारलं तर अर्धवट उत्तर देऊन दुसरीकडं बघायच्या. त्याच आठवड्यात त्या हैबतरावांच्या ओट्यावर गेल्या. काय बोलणं झालं ते त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, चालत चालत. मी त्यांच्या मागं मागं.

हैबतराव तरुणपणी नेफात होते, म्हणजे आताच्या अरुणाचलात. चौकी डोंगराच्या माथ्यावर. रस्ता नाही, खेचरंही वर येत नसत. खाण्याचं सगळं आभाळातून यायचं. डकोटा यायचं, त्याचं डावं दार काढलेलं असायचं, दारात बसलेला माणूस पायानं पोती खाली ढकलायचा. विमान इतकं खालून जायचं की त्याचं तोंड दिसायचं. तो हात करायचा. खाली पांढऱ्या कापडांनी चौकोन आखलेला असायचा आणि नियम एकच, विमानाच्या तीन फेऱ्या पुऱ्या झाल्याशिवाय चौकोनात कुणी पाय टाकायचा नाही.

एकदा खूप दिवस धुकं राहिलं. विमान आलंच नाही. मीठ संपलं. आळणी भात खाऊन माणसं भांडायला उठली. मग एका सकाळी आवाज आला. पहिल्या फेरीत मिठाचं पोतं दगडावर पडून फुटलं. हैबतरावांच्या शेजारी कोळवण खोऱ्यातला कोंडाजी उभा होता, त्यांचा जोडीदार. दवानं गवत ओलं होतं, मीठ विरघळून जाईल म्हणून तो धावला. दुसऱ्या फेरीतलं तांदळाचं पोतं त्याच्या पाठीवर आलं.

“माझा हात हुता त्याच्या खांद्यावर, पर धरून न्हाई ठिवला,” हैबतराव ताईंना म्हणाले होते.

ताई घरी गेल्या आणि त्यांनी डकोटाचं अंग कापलं. तयार झालेलं, रंग दिलेलं. जिथं रेघ होती तिथं करवत घातली. अभय म्हणाले, आधी उडवून तर बघ. पण त्या ऐकण्याच्या पलीकडं गेल्या होत्या. दाराएवढं भोक पाडलं तर शेपटीचा भाग लुळा पडतो. आतून फायबरच्या पट्ट्या द्याव्या लागल्या, त्यानं वजन वाढलं, वजन वाढलं म्हणून तोल गेला, तोल सांभाळायला पुढं शिसं भरावं लागलं. पहिली पट्टी चुकली. ती तासून काढताना पूर्ण बाजू गेली. दुसरी घातली, तिच्यात पोकळी निघाली. त्या वर्षी दिवाळी कधी आली नि गेली ते त्यांच्या घरात कुणाला कळलं नाही. आतल्या आत सरकणारी एक फळी बसवली, ती छोट्या मोटरनं पिशव्या दाराबाहेर ढकलणार. जाईबाईंनी जुन्या लुगड्याच्या मुठीएवढ्या पिशव्या शिवल्या. त्यात भरायला आंबेमोहोर हैबतरावांच्या घरून आला.

भातं निघाली, गावातली भीती विरली, आणि जानेवारीतल्या एका रविवारी माळावर विमान आणलं. मी मदतीला होतो. गावातलं बरंच कुणी आलं होतं. हैबतरावांनी धोतराचं पान फाडून स्वतः चार कोपऱ्यांवर कापडं अंथरली होती, वर धोंडे ठेवले होते. इंजिनं सुरू झाली तेव्हा ते आत गेले नाहीत. चौकोनाच्या कडेला लोकांकडं तोंड करून, दोन्ही हात आडवे पसरून उभे राहिले.

डकोटा माळावरून धावलं आणि उठलं. त्या आवाजाची मला कल्पना नव्हती. एका इंजिनाचा आवाज कर्कश असतो. दोन्हींचा मिळून एक जाड घुमारा येतो, छातीत. ताईंनी लांब वळण घेतलं, विमान चौकोनावर आणलं, आणि दारातून पिशव्या पडल्या. चार-पाच मुलं आणि दोन मोठी माणसं पुढं सरकली.

“थांबा,” हैबतराव म्हणाले. “तीन फेऱ्या हुंद्या.”

आवाज चढवला नव्हता, पण सगळे थांबले. दुसरी फेरी झाली. एक पिशवी फुटली आणि तांदूळ वाऱ्यावर पांढरा पसरला. हैबतरावांची पाठ तिकडं होती, त्यांनी वळून बघितलं नाही. तिसऱ्या फेरीसाठी विमान लांब वळलं आणि घुमारा तुटला. शेजारी उभे असलेले अभय हळूच म्हणाले, डावं बंद पडलं.

दोन इंजिनांच्या विमानाचं एक बंद पडलं की ते बंद बाजूला ओढलं जातं. उजव्याचा जोर वाढवला तर आणखी ओढतं. ताईंनी उजवंही कमी केलं आणि माळ सोडून पलीकडच्या कापलेल्या भातखाचरात ते उतरवलं. बांधाला चाक लागून विमानाचा एक पाय तुटला. बाकी शाबूत. त्या विमानाकडं पळाल्या, आम्हीही पळालो.

परत आलो तेव्हा लोक पांगत होते. हैबतराव तसेच उभे होते. हात तसेच.

“तात्या, विमान खाली आलं,” ताई म्हणाल्या. “हात खाली घ्या.”

“तिसरी न्हाई झाली.”

“नाही झाली.”

“मंग कसं कुनी आत जाईल?”

कैलासनं त्यांना धरून घरात नेलं. पिशव्या चौकोनात तशाच पडून राहिल्या. कुणी उचलल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत साळुंक्या तांदूळ टिपत होत्या.

आतापर्यंतची सगळी विमानं उडल्यावर ताईंच्या मनातून उतरली होती. हे उतरेना. बिघाड फार नव्हता, थरथरीनं पेट्रोलची नळी चिरली होती. महिन्याभरात पायही बसवला. पण तोवर कैलास आणि त्याच्या भावांनी माळ बिल्डरला दिला होता. हैबतरावांचीही सही होती. चौफेर निळा पत्रा उभा राहिला. ते ताईंना सांगायला हैबतराव स्वतः शेडपाशी आले. “माळ गेला,” एवढंच म्हणाले. जाईबाईंनी त्यांना चहा दिला. त्यांनी तो उभ्यानंच घेतला.

तिथून पुढं ताई रोज संध्याकाळी स्कूटर काढायच्या आणि सपाट जागा शोधत हिंडायच्या. जिथं जावं तिथं एक तर पाया खणलेला, नाहीतर विजेच्या तारा. लवासाकडचे रुंद रिकामे रस्ते बघून त्या हरखल्या, पण तिथल्या रखवालदारानं नम्रपणे नाही म्हटलं. शेवटी कासारसाईच्या धरणामागं, उन्हाळ्यात पाणी हटल्यावर उघडी पडणारी मऊ सपाटी सापडली. पाटबंधारेवाल्यांकडून परवानगी काढली, दिवस ठरवला. तो मे महिना होता. सीमेवर ताण वाढला आणि उडणाऱ्या सगळ्याच गोष्टींवर बंदी आली. बंदी उठेपर्यंत पावसाळा तोंडावर आला. ती सपाटी पाण्याखाली गेली.

ते वर्ष वाईट गेलं. हैबतरावांचा गुडघा गेला, ऐकू कमी यायला लागलं. ताईंनी कारखान्यात एवढे भाग नापास केले की साहेबांनी बोलावून विचारलं. घरी त्या अभयवर चिडायच्या, मग त्यांच्याशी न बोलता शेडमध्ये जाऊन इंजिनं खोलायच्या, पुसायच्या, लावायच्या. त्यांना भीती कसली होती ते आम्हाला सगळ्यांना कळत होतं. तिसरी फेरी होईपर्यंत म्हातारा राहील का, याची.

या फेब्रुवारीत एका बाजूचं पाणी लवकर हटलं. कैलासनं गाडीतून वडिलांना आणलं. लोक असे नव्हतेच, आम्ही घरचीच माणसं. तरीही हैबतरावांनी कापडं मांडून घेतली आणि आमच्याकडं तोंड करून हात पसरले. एक हात कैलास खालून धरत होता. पहिली फेरी झाली. दुसरी झाली. विमान पाण्यावरून लांब वळलं तेव्हा ताईंचा जबडा हलत होता, जणू त्या काहीतरी चावत होत्या. घुमारा तुटला नाही. तिसरी फेरी चौकोनावरून गेली, शेवटच्या पिशव्या पडल्या, आणि ताईंनी पंख डावी-उजवीकडं हलवले.

हैबतरावांना ते दिसलं नव्हतं. “झाली, दादा,” कैलास त्यांच्या कानाशी म्हणाला. मग त्यांनी हात खाली घेतले, वळले आणि काठी टेकत चौकोनात गेले. आम्हाला कुणाला त्यांनी येऊ दिलं नाही. एकेक पिशवी वाकून उचलली. फुटलेल्या पिशवीचा तांदूळ गुडघे टेकून मुठीनं गोळा केला, मातीसकट. त्याला बराच वेळ लागला. तोवर विमान उतरलं होतं आणि ताई पहिल्यांदाच त्याच्याकडं पळाल्या नव्हत्या.

“हे कोंडाजीच्या घरी द्यायचंय,” हैबतराव म्हणाले. इतक्या वर्षांत ते तिथं एकदाही गेले नव्हते.

पुढच्या रविवारी अभयनी गाडी काढली. कोळवण खोऱ्यात कोंडाजीची धाकटी बहीण साळूबाई माहेरच्या घरीच राहते. सत्तरीची, ताठ बाई. भाऊ शत्रूच्या गोळीनं गेला, असंच ती आजवर समजत होती. हैबतरावांनी सगळं सांगायला घेतलं. ताईंना आत बसवेना. त्या बाहेर अंगणात फेऱ्या घालत राहिल्या, पण दार उघडं होतं.

सगळं ऐकून साळूबाई बराच वेळ पिशव्या चाचपत राहिली.

“मीठ गोळा कराया पळाला व्हय?” ती म्हणाली. “तसाच हुता तो. सांडलेलं बघवायचं न्हाई त्याला.”

मग तिनं हैबतरावांना विचारलं, जेवून जाल ना. आणि तोच तांदूळ निवडायला घेतला, खडे आणि माती बाजूला काढत.

सोमवारी कारखान्यात ताई आल्या तेव्हा मला वाटलं, आता दोन इंजिनं मोकळी झाली, नवं काहीतरी सुरू होईल. तसं विचारलंही. त्या म्हणाल्या, डकोटा तसंच राहील, शेडमध्ये, त्याचं दार उघडं. कासारसाईची जागा जूनपर्यंतच आहे, साळूबाईंना एकदा दाखवायचंय. आणि उजव्या इंजिनाचा आवाज अजून पटत नाही. एवढं बोलून त्या पुढच्या भागाकडं गेल्या. नाणं हातातच होतं.